इलेक्ट्रोमेरिक परिणाम : एका पाठ्यपुस्तकीय व्याख्येची चिकित्सा

सारांश

सेंद्रिय अभिक्रियांच्या अध्यापनात ‘इलेक्ट्रोमेरिक परिणाम’ ही संकल्पना इलेक्ट्रॉनांचे तात्पुरते विस्थापन म्हणून शिकविली जाते. आक्रमक अभिकारकाच्या सान्निध्यात बहुबंधातील पाय-इलेक्ट्रॉनांची जोडी एका अणूकडे पूर्णपणे सरकते आणि अभिकारक दूर होताच ती पूर्ववत होते, असे या व्याख्येचे सामान्य रूप आहे. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचा ऐतिहासिक उगम, तिच्या प्रचलित व्याख्येतील तार्किक अडचणी आणि प्रायोगिक पुरावा यांची चिकित्सा केली आहे. मूळ संकल्पना ध्रुवीकरणक्षमतेची होती. पाठ्यपुस्तकांनी तिचे ‘पूर्ण स्थलांतरा’त रूपांतर केले आणि त्यामुळे तिचा आशय हरवला, असे प्रतिपादन येथे केले आहे. संकल्पना वगळण्याऐवजी तिची पुनर्मांडणी कशी करता येईल, याचाही विचार शेवटी केला आहे.

बीजशब्द : इलेक्ट्रोमेरिक परिणाम, मेसोमेरिक परिणाम, ध्रुवीकरणक्षमता, वक्र बाण, हॅमेट समीकरण, रसायनशास्त्राचे अध्यापन.

१. प्रस्तावना

उच्च माध्यमिक स्तरावर सेंद्रिय रसायनशास्त्राची ओळख करून देताना सहसंयुज बंधातील इलेक्ट्रॉन विस्थापनाचे चार प्रकार सांगितले जातात : इंडक्टिव्ह परिणाम, संस्पंदन, इलेक्ट्रोमेरिक परिणाम आणि हायपरकॉन्जुगेशन. यांपैकी इलेक्ट्रोमेरिक परिणामास ‘तात्पुरता’ हे विशेषण जोडले जाते. एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात तो याच स्वरूपात आला असून ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या अभ्यासक्रमातही त्याचा नावानिशी समावेश आहे. परिणामी विज्ञान शाखेत प्रवेश घेणारा विद्यार्थी ही व्याख्या पाठ करूनच पदवी वर्गात येतो.

दुसरीकडे, इंटरनॅशनल युनियन ऑफ प्युअर अँड अप्लाइड केमिस्ट्री या संघटनेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भौतिक सेंद्रिय रसायनशास्त्राच्या परिभाषा-संग्रहात हीच संज्ञा कालबाह्य होत चाललेली, किंबहुना कालबाह्य मानली गेल्याची नोंद आहे. ज्या संज्ञेला जागतिक परिभाषेत उतरती कळा लागली आहे, ती आपल्या वर्गात मात्र परीक्षेचा हुकमी प्रश्न म्हणून टिकून आहे. ही विसंगती केवळ एका शब्दापुरती मर्यादित नाही. अभिक्रिया घडत असताना इलेक्ट्रॉन नेमके काय करतात, याविषयी विद्यार्थ्याच्या मनात पहिले चित्र याच व्याख्येतून तयार होते. ते चित्र चुकले तर पुढील प्रत्येक अभिक्रियेच्या आकलनावर त्याची सावली पडते. म्हणूनच या व्याख्येची चिकित्सा आवश्यक ठरते.

२. संकल्पनेची ऐतिहासिक पार्श्वभूमी

सेंद्रिय अभिक्रियेचा टप्प्याटप्प्याने विचार करण्याची पायाभरणी ज्या मोजक्या संशोधनांनी केली, त्यांत आर्थर लॅपवर्थ यांच्या १९०३ मधील कार्याचे स्थान महत्त्वाचे आहे. कार्बोनिल संयुगांवर हायड्रोजन सायनाइडची अभिक्रिया होऊन सायनोहायड्रिन तयार होते. कॅम्फरक्विनोन या पिवळ्या संयुगाचा रंग किती वेगाने नाहीसा होतो, हे पाहून लॅपवर्थ यांनी या अभिक्रियेचा वेग अभ्यासला. आम्लारी मिसळल्यास वेग वाढतो व आम्ल मिसळल्यास तो मंदावतो, या निरीक्षणावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की प्रथम सायनाइड आयन कार्बोनिल कार्बनवर जोडला जातो आणि त्यानंतर हायड्रोजन आयन जलद गतीने जोडला जातो. आजच्या पाठ्यपुस्तकांत ऋण इलेक्ट्रोमेरिक परिणामाचे उदाहरण म्हणून हीच अभिक्रिया दिली जाते. मात्र लॅपवर्थ यांच्या वेळी इलेक्ट्रॉन-जोडीच्या बंधाची कल्पनाच अस्तित्वात नव्हती, ती जी. एन. लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली.

लुईस यांच्या सिद्धांतानंतर अभिक्रियेचे वर्णन इलेक्ट्रॉन-जोड्यांच्या भाषेत करणे शक्य झाले. १९२२ मध्ये कर्मॅक व रॉबर्ट रॉबिन्सन यांनी इलेक्ट्रॉनांचे विस्थापन दाखविण्यासाठी वक्र बाणांचा वापर केला. पुढे रॉबिन्सन आणि ख्रिस्तोफर इंगोल्ड यांच्यात १९२० च्या दशकात जो प्रदीर्घ वाद झाला, त्या वादाच्या काळातच इलेक्ट्रॉन विस्थापनाची परिभाषा घडत गेली. इंगोल्ड यांनी १९३४ मध्ये ‘केमिकल रिव्ह्यूज’ या नियतकालिकातील विस्तृत लेखात या सर्व परिणामांची व्यवस्थित वर्गवारी केली.

ही वर्गवारी समजून घेणे प्रस्तुत चर्चेच्या दृष्टीने निर्णायक आहे. इंगोल्ड यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला प्रश्न विस्थापनाच्या मार्गाचा : इलेक्ट्रॉन अणूंच्या साखळीतून विद्युत्-प्रेरणाने किंचित ओढले जातात, की एका जोडीची जागा दुसरी जोडी घेते? दुसरा प्रश्न विस्थापनाच्या प्रसंगाचा : ते स्थिर रेणूत मुळातच अस्तित्वात असते, की अभिक्रियेच्या वेळी उद्भवते? या दोन प्रश्नांच्या छेदातून चार खणांचा तक्ता तयार होतो. साखळीतून होणारे कायम विस्थापन म्हणजे इंडक्टिव्ह आणि त्याचे प्रसंगजन्य रूप म्हणजे इंडक्टोमेरिक; जोडीच्या अदलाबदलीचे कायम रूप म्हणजे मेसोमेरिक आणि त्याचे प्रसंगजन्य रूप म्हणजे इलेक्ट्रोमेरिक. कायम रूपे ही ध्रुवीकरणाची, तर प्रसंगजन्य रूपे ही ध्रुवीकरणक्षमतेची होत. म्हणजेच इलेक्ट्रोमेरिक परिणाम ही एखादी स्वतंत्र घटना नसून, मेसोमेरिक मार्गाने अधिक सरकण्याची इलेक्ट्रॉनांची मागणीनुसार प्रकट होणारी क्षमता होती.

आपल्या पाठ्यपुस्तकांनी या तक्त्यातील इंडक्टोमेरिकचा खण पुसून टाकला आणि इलेक्ट्रोमेरिकचा खण तेवढा ठेवला. तक्ता मोडल्यामुळे उरलेल्या खणाचा मेसोमेरिकशी असलेला नातेसंबंध तुटला आणि तो एक सुटा, चमत्कारिक परिणाम म्हणून उभा राहिला. पीटर साइक्स यांच्या १९६१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि भारतीय विद्यापीठांत पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या मार्गदर्शक ग्रंथात या परिणामांचा उल्लेख ध्रुवीकरणक्षमता म्हणूनच येतो, तसेच कायम व प्रसंगजन्य वाटा प्रयोगाने वेगळे करणे किती कठीण आहे, हेही तेथे स्पष्ट केले आहे. ही सावधगिरी खालच्या वर्गांच्या पुस्तकांत उतरलेली नाही.

३. प्रचलित व्याख्येतील तार्किक अडचणी

प्रचलित व्याख्येत तीन विधाने अंतर्भूत आहेत : विस्थापन पूर्ण असते, ते केवळ अभिकारकाच्या उपस्थितीत असते आणि अभिकारक दूर होताच ते नष्ट होते. शिवाय दोन उपविधाने जोडली जातात : त्याला धन व ऋण चिन्ह असते, आणि इंडक्टिव्ह व इलेक्ट्रोमेरिक परिणाम परस्परविरोधी असल्यास इलेक्ट्रोमेरिक वरचढ ठरतो.

प्रथम चिन्हाचा विचार करू. पाय-इलेक्ट्रॉन ज्या अणूकडे सरकतात, त्याच अणूशी अभिकारक जोडला गेल्यास परिणाम धन आणि दुसऱ्या अणूशी जोडला गेल्यास ऋण, असे सांगितले जाते. आता कार्बोनिल गटाचे उदाहरण घ्यावे. सायनाइड आयन कार्बनशी जोडला जातो आणि पाय-इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे सरकतात. म्हणून परिणाम ऋण. आम्लाच्या सान्निध्यात हायड्रोजन आयन ऑक्सिजनशी जोडला जातो आणि पाय-इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडेच सरकतात. म्हणून परिणाम धन. रेणू तोच, बंध तोच, विस्थापनाची दिशाही तीच. तरीही चिन्हे परस्परविरुद्ध. वस्तुतः हायड्रोजन आयन ऑक्सिजनवरील असहभागी जोडीशी जोडला जातो, पाय-बंधाशी नव्हे, हा तपशील येथे आणखी गुंतागुंत निर्माण करतो. म्हणजे हे चिन्ह इलेक्ट्रॉनांच्या वर्तनाबद्दल काहीच सांगत नाही. अभिकारक इलेक्ट्रॉनस्नेही आहे की केंद्रकस्नेही, एवढेच ते वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगते. इंगोल्ड यांच्या मांडणीत चिन्ह प्रतिष्ठापित गटाच्या इलेक्ट्रॉन देण्याच्या वा घेण्याच्या प्रवृत्तीचे निदर्शक होते. चिन्ह राहिले, अर्थ बदलला.

दुसरी अडचण ‘वरचढ’पणाची. क्लोरोबेंझीनचे नायट्रेशन हे या नियमाचे उत्तम परीक्षण आहे. क्लोरीन इंडक्टिव्ह मार्गाने इलेक्ट्रॉन ओढतो आणि असहभागी जोडीच्या द्वारे वलयास इलेक्ट्रॉन देतो. म्हणजे दोन्ही परिणाम परस्परविरोधी आहेत. अभिक्रियेत ऑर्थो उत्पादन सुमारे ३० टक्के आणि पॅरा उत्पादन सुमारे ७० टक्के मिळते, मेटा नगण्य असते. दिशादर्शनाच्या बाबतीत इलेक्ट्रॉनदान निर्णायक ठरते, हे खरे. परंतु अभिक्रियेचा वेग बेंझीनच्या तुलनेत केवळ ०.०३३ पट असतो. बेंझीनमध्ये सहा समान स्थाने असतात हे लक्षात घेऊन एकट्या पॅरा स्थानाचा हिशेब केला, तर त्याची अभिक्रियाशीलता बेंझीनच्या एका स्थानाच्या सुमारे ०.१४ पट येते. म्हणजे ज्या स्थानी इलेक्ट्रॉनदान सर्वाधिक प्रभावी आहे, तेथेही ओढ दानापेक्षा भारी पडते. एक परिणाम वेग ठरवितो आणि दुसरा परिणाम स्थान ठरवितो, ही वस्तुस्थिती ‘वरचढ’ या एका शब्दात मावत नाही.

तिसरी अडचण चक्रीय युक्तिवादाची. प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइडची अभिक्रिया होताना पाय-इलेक्ट्रॉन टोकाच्या कार्बनकडे सरकतात, असे इलेक्ट्रोमेरिक परिणामाने ‘स्पष्ट’ केले जाते. पण ते टोकाकडेच का सरकतात, या प्रश्नाचे उत्तर या परिणामात नाही. त्यासाठी मिथिल गटामुळे मधल्या कार्बनवरील धनप्रभार अधिक स्थिर होतो, हे सांगावेच लागते. मार्कोव्हनिकोव्ह यांच्या नियमाचे खरे स्पष्टीकरण कार्बोकॅटायनच्या व त्याकडे नेणाऱ्या संक्रमण अवस्थेच्या स्थैर्यात आहे. इलेक्ट्रोमेरिक परिणाम येथे स्पष्टीकरण देत नाही, तर स्पष्टीकरण हवे असलेल्या घटनेलाच नाव देतो.

४. प्रायोगिक पुरावा काय सांगतो?

व्याख्येतील ‘पूर्ण स्थलांतर’ आणि ‘केवळ अभिकारकाच्या उपस्थितीत’ ही विधाने प्रयोगाच्या कसोटीवर तपासता येतात. फॉर्माल्डिहाइडचे द्विध्रुव परिबल २.३३ डिबाय आहे. त्यातील कार्बन-ऑक्सिजन अंतर सुमारे १.२१ अँगस्ट्रॉम आहे. पाय-जोडी पूर्णपणे ऑक्सिजनकडे गेली आणि दोन अणूंवर एकेक पूर्ण प्रभार आला, तर या अंतरावर द्विध्रुव परिबल सुमारे ५.८ डिबाय यावयास हवे. मोजलेले मूल्य त्याच्या सुमारे ४० टक्के आहे. हा हिशेब ढोबळ आहे, कारण रेणूच्या द्विध्रुव परिबलात इतर बंधांचा व असहभागी जोड्यांचाही वाटा असतो. तरीही त्यावरून दोन गोष्टी उघड होतात. कोणताही अभिकारक नसताना कार्बोनिल गट लक्षणीयरीत्या ध्रुवीकृत असतो; आणि हे ध्रुवीकरण पूर्ण स्थलांतरापासून दूर असते. म्हणजे विस्थापन शून्यातून सुरू होत नाही.

अभिकारक जवळ येत असताना काय घडते, याचा अधिक प्रत्यक्ष पुरावा १९७३ मध्ये ब्युर्गी, डुनिट्झ व शेफ्टर यांनी दिला. ज्या रेणूंत अमिनो गटाचा नायट्रोजन आणि कार्बोनिल गट एकमेकांच्या समोर येतात, अशा संयुगांच्या स्फटिकरचना त्यांनी एकत्र मांडून पाहिल्या. निरनिराळ्या संयुगांत नायट्रोजन व कार्बोनिल कार्बन यांतील अंतर २.९१ अँगस्ट्रॉमपासून १.४९ अँगस्ट्रॉमपर्यंत आढळले. अंतर जसजसे कमी होते, तसतसा कार्बन आपल्या तीन शेजाऱ्यांच्या प्रतलातून नायट्रोजनच्या दिशेने वर उचलला जातो आणि कार्बन-ऑक्सिजन बंध लांबत जातो. नायट्रोजनचा मार्ग कार्बन-ऑक्सिजन बंधाशी सुमारे १०७ अंशांचा कोन करतो. एकाच अभिक्रियेचे जणू निरनिराळे क्षण वेगवेगळ्या स्फटिकांत गोठलेले असावेत, असे हे चित्र आहे.

या चित्राचा अर्थ स्पष्ट आहे. पाय-इलेक्ट्रॉन आधी पूर्णपणे सरकतात आणि मग रिकाम्या कार्बनवर केंद्रकस्नेही अभिकारक येऊन बसतो, असा क्रम निसर्गात आढळत नाही. नवा बंध जितका जुळतो तितकाच जुना बंध सैल होतो. दोन्ही क्रिया एकाच हालचालीच्या दोन बाजू आहेत. ‘पूर्ण’ ही अवस्था या प्रवासाच्या शेवटी येते आणि तेव्हा ती तात्पुरती राहिलेली नसते. तो नव्या संयुगाचा बंध असतो.

‘तात्पुरता’ या विशेषणाचा विचार याच अनुषंगाने करावा लागतो. बॉर्न व ओपेनहायमर यांनी १९२७ मध्ये दाखविल्याप्रमाणे, अणुकेंद्रके इलेक्ट्रॉनांच्या तुलनेत इतकी जड व मंद असतात की केंद्रकांच्या प्रत्येक मांडणीसाठी इलेक्ट्रॉनांची वाटणी स्वतंत्रपणे निश्चित झालेली मानता येते. त्यामुळे इलेक्ट्रॉन पुढे गेले आणि परत आले, असे म्हणण्यापेक्षा केंद्रके जवळ आली तेव्हा एक वाटणी होती आणि दूर गेली तेव्हा दुसरी, असे म्हणणे अधिक यथार्थ आहे. अभिकारक काढून घेतल्यास वाटणी पूर्ववत होते, हे विधान चूक नाही. परंतु ते रेणूतील कोणत्याही इलेक्ट्रॉन-वाटणीला लागू पडते. केवळ एकाच परिणामाचे ते वैशिष्ट्य ठरत नाही.

एथिलीनवरील ब्रोमिनच्या अभिक्रियेतही हीच अडचण दिसते. पाठ्यपुस्तकीय बाणांनुसार पाय-जोडी एका कार्बनकडे जाते आणि दुसऱ्यावर पूर्ण धनप्रभार येतो. परंतु १९३७ मध्ये रॉबर्ट्स व किंबॉल यांनी सुचविल्याप्रमाणे येथे ब्रोमिन दोन्ही कार्बनांशी एकाच वेळी जोडलेला राहतो आणि ब्रोमोनियम आयन तयार होतो. ब्रोमिनचे दोन अणू विरुद्ध बाजूंनी जोडले जातात, हे त्यामुळेच समजते. जोडी एका अणूकडे ‘पूर्ण’ गेली असती, तर ही बाजूंची शिस्त समजावून सांगणे अवघड झाले असते.

५. संकल्पनेतील टिकाऊ अंश

वरील विवेचनावरून इलेक्ट्रोमेरिक परिणाम ही निरुपयोगी कल्पना आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तिच्या मूळ रूपातील आशय पुढील काळात अधिक काटेकोर स्वरूपात सिद्ध झाला आहे, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे.

हॅमेट यांनी १९३७ मध्ये प्रतिष्ठापित बेंझोइक आम्लांच्या आयनीभवनावरून प्रत्येक गटाला एक अंक दिला. तो सिग्मा स्थिरांक होय. हा अंक ऋण असल्यास गट इलेक्ट्रॉन देणारा आणि धन असल्यास घेणारा. मात्र ज्या अभिक्रियांत वलयाला लागून धनप्रभार निर्माण होतो, तेथे हे अंक अपुरे पडू लागले. म्हणून ब्राऊन व ओकामोटो यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्युमिल क्लोराइडांच्या विद्रावक-विघटनावरून अंकांचा दुसरा संच तयार केला. दोन्ही संच शेजारी ठेवले असता पॅरा स्थानावरील मिथॉक्सी गटाचा अंक उणे ०.२७ वरून उणे ०.७८ पर्यंत जातो. नायट्रो गटाचा अंक मात्र ०.७८ व ०.७९ असा जवळपास तसाच राहतो, कारण त्याच्याकडे वलयाला देण्यासारखे काही नाही. सर्वांत बोलके उदाहरण फ्लोरीनचे आहे. त्याचा अंक अधिक ०.०६ वरून उणे ०.०७ होतो. सामान्य प्रसंगी किंचित घेणारा गट, धनप्रभाराची निकड निर्माण होताच किंचित देणारा बनतो.

मागणीनुसार प्रकट होणारे इलेक्ट्रॉनदान म्हणून इंगोल्ड यांना जे अभिप्रेत होते, ते येथे अंकांत उतरले आहे. १९५९ मध्ये युकावा व त्सुनो यांनी तर ही ‘मागणी’ किती तीव्र आहे, हे मोजणारा स्वतंत्र गुणक समीकरणात आणला. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की क्युमिल क्लोराइडांच्या उदाहरणात देणाऱ्या गटावर कोणताही बाह्य अभिकारक आक्रमण करीत नाही. मागणी रेणूच्या आतच निर्माण होते. म्हणजे बहुबंध व आक्रमक अभिकारक यांची अट घालणारी पाठ्यपुस्तकीय व्याख्या एकीकडे अतिशयोक्त आहे, तर दुसरीकडे अतिसंकुचितही आहे. संकल्पनेचा सर्वांत मोलाचा वापर नेमका तिच्या कक्षेबाहेर राहतो.

वक्र बाणांबाबतही समतोल दृष्टी आवश्यक आहे. बाण हा प्रामुख्याने इलेक्ट्रॉन-जोड्यांचा जमाखर्च आहे. तथापि, क्निझिया व क्लाइन यांनी २०१५ मध्ये पुंजयामिकी गणनांच्या आधारे दाखविले की अभिक्रियेच्या मार्गावर कक्षिकांतील बदलांचा मागोवा घेतल्यास रसायनशास्त्रज्ञांच्या परिचित बाणांशी जुळणारे चित्र मिळू शकते. म्हणून बाण टाकून देण्याची आवश्यकता नाही. बाणाचे शेपूट व टोक यांमधील अंतर हे वेळेतील दोन सुट्या घटनांचे नसून एका अखंड बदलाच्या आरंभाचे व शेवटाचे आहे, एवढे भान मात्र हवे.

६. अध्यापनाच्या दृष्टीने काही सूचना

पहिली सूचना अशी की इलेक्ट्रोमेरिक परिणाम हा मेसोमेरिक परिणामाच्या पाठोपाठ, त्याचेच मागणीनुसार वाढलेले रूप म्हणून शिकवावा. इंगोल्ड यांचा चार खणांचा तक्ता फळ्यावर काढण्यास पाच मिनिटे पुरतात. परंतु त्यामुळे चार सुट्या व्याख्यांऐवजी दोन प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याच्या हाती येतात.

दुसरी सूचना शब्दयोजनेविषयी आहे. मराठीत ‘तात्पुरता’ या शब्दाला कामचलाऊ, दुय्यम अशी छटा आहे. अभिक्रियेच्या केंद्रस्थानी असलेल्या बदलासाठी तो शब्द दिशाभूल करणारा आहे. ‘प्रसंगजन्य’ किंवा ‘मागणीनुसारी’ असा शब्द मूळ आशयाच्या अधिक जवळ जातो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर भारतीय भाषांतून उच्च शिक्षणाची पुस्तके तयार करण्याच्या प्रयत्नांना वेग आला आहे. अशा वेळी इंग्रजी पुस्तकातील व्याख्या जशीच्या तशी उतरविली गेली, तर तिच्यातील दोषही मराठीत कायमचे रुजतील. परिभाषा घडविण्याची संधी ही आशय दुरुस्त करण्याचीही संधी असते.

तिसरी सूचना मूल्यमापनाची. ‘पुढीलपैकी कोणता परिणाम तात्पुरता आहे?’ या प्रश्नाने केवळ स्मरण तपासले जाते. त्याऐवजी मिथॉक्सी, नायट्रो व फ्लोरो गटांचे दोन संचांतील अंक देऊन त्यांतील फरकाचे कारण विचारल्यास आकलन तपासता येईल. स्पर्धापरीक्षांचा प्रश्नप्रकार एका महाविद्यालयाच्या हाती नसला, तरी अंतर्गत मूल्यमापनाचा निश्चितच आहे.

७. निष्कर्ष

इलेक्ट्रोमेरिक परिणामाची प्रचलित व्याख्या ऐतिहासिक संकल्पनेचे अर्धवट अवशेष जपते. तिच्यातील चिन्हव्यवस्था अभिकारकाच्या प्रकाराची पुनरुक्ती करते, वरचढपणाचा नियम क्लोरोबेंझीनसारख्या परिचित उदाहरणातच अपुरा पडतो आणि पूर्ण स्थलांतराचे चित्र द्विध्रुव परिबल व स्फटिकरचना यांच्या पुराव्याशी जुळत नाही. तथापि, मागणीनुसार इलेक्ट्रॉन देण्याची रेणूची क्षमता ही वास्तव आणि मोजता येण्याजोगी बाब आहे. संज्ञा ठेवावी की सोडावी, हा प्रश्न दुय्यम आहे. रेणू हा अभिकारकाची वाट पाहणारा निश्चल पदार्थ नसून परिस्थितीनुसार आपली इलेक्ट्रॉन-वाटणी अखंडपणे बदलणारी रचना आहे, ही जाणीव विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणे महत्त्वाचे आहे. सध्याच्या व्याख्येतून ती पोहोचत नाही. म्हणून व्याख्या बदलण्याची जबाबदारी ती शिकविणाऱ्यांवर येते.